नादानें नादाचें निवारण

कांट्यानें कांटा काढावा, ही म्हण आपल्याकडे बहुधा व्यवहारांतील चातुर्य सांगण्यासाठीं वापरली जाते. परंतु ज्या प्रयत्नाचा इतिहास आम्ही प्रस्तुत लेखांत वाचकांपुढें ठेवणार आहों, त्याला ती अक्षरशः लागू पडते. नकोसा आवाज येत असेल, तर त्याच्यावर तसाच पण नेमका उलट असा दुसरा आवाज सोडावयाचा आणि दोहोंच्या मिलाफांतून शांतता उत्पन्न करावयाची, असा हा प्रयत्न आहे. त्याची जी पहिली विख्यात आकृति काढली गेली ती हवेच्या नळीची. आज नव्वद वर्षांनंतर तीच युक्ति कानांवर चढवावयाच्या उपकरणांत लक्षावधि लोक वापरीत आहेत. परंतु ज्या जागीं ती प्रथम मांडली गेली त्या हवेच्या नळींत, आणि विशेषतः घरांतल्या नळींत, ती अद्याप क्वचितच आढळते. असें कां झालें, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

घराला हवेच्या नळ्या कशाला हव्यात, अशी शंका आपल्याकडील वाचकास येणें स्वाभाविक आहे. महाराष्ट्रांत किंवा गोमंतकांत घर बांधतांना खिडक्या समोरासमोर ठेवाव्या, वारा एका बाजूनें येऊन दुसऱ्या बाजूनें जावा, एवढी दृष्टि पूर्वी पुरेशी होती. थंड देशांत मात्र १९७३ सालीं खनिज तेलाचे भाव भडकल्यावर घराची ऊब जपणें हा मोठा प्रश्न झाला. भिंतींत जाड थर भरण्यांत आले, दारांखिडक्यांच्या फटी बुजविण्यांत आल्या, आणि मग घर उबदार झालें तरी त्यांतील हवा कोंडूं लागली. तेव्हां आंतली शिळी हवा पंख्यानें बाहेर काढावी, बाहेरची ताजी हवा दुसऱ्या पंख्यानें आंत घ्यावी, आणि जातां जातां जुन्या हवेची ऊब नव्या हवेस देववावी, अशी योजना पुढें आली. कॅनडांतील रेजायना शहरीं १९७७ सालीं बांधलेलें प्रायोगिक घर आणि जर्मनींत डार्मस्टाट येथें १९९०-९१ मध्यें बांधलेलीं ‘पॅसिव्हहाउस’ पद्धतीचीं घरें हीं या योजनेचीं प्रसिद्ध उदाहरणें होत. अशा घरांत पंखे अहोरात्र चालतात, आणि त्यांचा आवाज नळ्यांच्या वाटेनें थेट निजावयाच्या खोलींत पोंचतो.

हा आवाज फार मोठा असतो असें नाहीं. डार्मस्टाटच्या पंथाचे लोक राहत्या खोलींत तो पंचवीस डेसिबलांवर जाऊं नये असें सांगतात. म्हणजे पानांच्या सळसळीहून तो फारसा अधिक नसावा. परंतु तो अखंड असतो, आणि अखंड हलका घूंघूंकार हा मधून मधून होणाऱ्या मोठ्या आवाजापेक्षां अधिक छळतो, हें रात्रीं ज्यांची झोप मोडली आहे त्यांस सांगावयास नको. मग घरचा माणूस उठतो आणि पंखाच बंद करतो. आवाज थांबतो, पण त्याबरोबर हवाही थांबते; ओल धरते, कुबट वास येतो, आणि मुलाबाळांच्या छातींत तीच शिळी हवा फिरत राहते. आपल्याकडेही शहरांतील सदनिकांत स्वयंपाकघरांतील विजेच्या चिमणीचा नळ आणि न्हाणीघरांतील एग्झॉस्ट पंखा हे आतां नित्याचे झाले आहेत, आणि फोडणी संपण्यापूर्वींच आवाजाला कंटाळून चिमणी बंद करणारीं घरें थोडीं नाहींत. तेव्हां नळींतला आवाज हा केवळ सुखवस्तु माणसाच्या नाजूकपणाचा प्रश्न नव्हे. शुद्ध हवा आणि शांतता यांपैकीं एकच निवडा, अशी पाळी घरावर येऊं नये, हें यांतील खरें प्रयोजन आहे.

हा आवाज शोषून टाकण्याची जुनी रीति साधी आहे. नळीच्या आंतून लोकरीसारखा सच्छिद्र पदार्थ बसवावा. ध्वनीची लाट त्याच्या छिद्रांत शिरली कीं घर्षणानें तिची शक्ति उष्णतेंत विरून जाते. उंच स्वरांच्या बाबतींत ही रीति उत्तम चालते. परंतु असा थर चांगलें काम करण्यास त्याची जाडी लाटेच्या लांबीच्या सुमारें चतुर्थांशाइतकी असावी लागते. हवेंत ध्वनि वीस अंश उष्णमानास सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणून सेकंदाला हजार कंपनें असलेल्या स्वराची लाट चौतीस सेंटिमीटर लांब असते आणि तिला साडेआठ सेंटिमीटरांचा थर पुरतो. परंतु शंभर कंपनांच्या स्वराची लाट साडेतीन मीटरांच्या जवळपास जाते, आणि तिच्यासाठीं शहाऐंशी सेंटिमीटर जाडीचा थर कोणत्या घरांत बसवावयाचा? दुर्दैवानें पंख्याचा मूळ स्वर याच खालच्या पट्टींत असतो. पांच पात्यांचा पंखा मिनिटास पंधराशें फेरे घेत असेल, तर त्याच्या पात्यांचा स्वर सेकंदास सव्वाशें कंपनांचा भरतो. सारांश, नळीचें अस्तर वरची सळसळ गिळतें आणि खालचा घूंघूंकार जसाच्या तसा सोडून देतें. येथेंच उलट्या आवाजाची कल्पना उपयोगी पडते.

त्या कल्पनेचें मूळ बरेंच जुनें आहे. ज्यांनीं तानपुरा जुळवितांना लक्ष देऊन ऐकलें आहे, त्यांस जोडाच्या दोन तारा अगदीं थोड्या फरकानें बेसूर असतांना जो हेलकावा ऐकूं येतो तो ठाऊक असेल. आवाज फुगतो, बसतो, पुन्हां फुगतो. तो बसतो त्या क्षणीं दोन्ही तारा वाजतच असतात. परंतु एकीची लाट हवेला पुढें ढकलीत असतां दुसरीची मागें ओढीत असते, आणि दोघींची बेरीज शून्याकडे झुकते. न्यूटननें १६८७ सालच्या आपल्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथांत टोंकिनच्या किनाऱ्यावरील एका बंदराचा असाच चमत्कार उलगडला होता. तेथें कांहीं विशिष्ट दिवशीं भरती-ओहोटी होतच नसे. दोन वेगवेगळ्या वाटांनीं येणाऱ्या भरत्या सहा तासांच्या अंतरानें पोंचतात आणि एकमेकींस पुसून टाकतात, असा त्याचा उलगडा होता. थॉमस यंग या इंग्रज वैद्यानें १८०१ सालीं हाच नियम ध्वनि आणि प्रकाश या दोहोंस लावला, तेव्हां त्यानें या बंदराचीही आठवण दिली. पुढें जॉन हर्शेल यानें १८३३ मध्यें असें सुचविलें कीं, एक नळी दुभंगून एक शाखा आंखूड व दुसरी लांब ठेवावी, आणि मग दोन्ही पुन्हां जोडाव्या. लांबींतला फरक अर्ध्या लाटेइतका असला, तर तो स्वर पुढें जाणार नाहीं. जर्मन शास्त्रज्ञ क्विंके यानें १८६६ सालीं हें प्रयोगानें दाखविलें. म्हणजे नळींतला आवाज त्याच्याच दुसऱ्या अर्ध्या भागानें मारतां येतो, हें एकोणिसाव्या शतकांत सिद्ध झालें होतें. मात्र अशी नळी मोजक्याच स्वरांवर चालते. पंख्याची गति बदलली कीं तिचा उपयोग संपला.

पुढचें पाऊल पॉल ल्यूग या जर्मन गृहस्थानें टाकलें. २७ जानेवारी १९३३ रोजीं त्यानें जर्मनींत पेटंटासाठीं अर्ज केला, आणि ९ जून १९३६ रोजीं अमेरिकेंत त्याला २,०४३,४१६ क्रमांकाचें पेटंट मिळालें. त्यांतील पहिली आकृति आजही या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत छापली जाते. एक नळी आहे. तिच्यांतून ध्वनीची लाट चालली आहे. वाटेंत एक मायक्रोफोन ती ऐकतो. त्याचा विद्युत्-संदेश तारेनें पुढें जातो, वाढविला जातो आणि उलटविला जातो. आणि कांहीं अंतरावरचा लाउडस्पीकर मूळ लाट तेथें पोंचतांच तिच्या नेमकी विरुद्ध लाट सोडतो. या आकृतीचें मर्म एका साध्या गोष्टींत आहे. वीज ध्वनीपेक्षां कितीतरी जलद जाते; म्हणून ध्वनि मागून येत असतां त्याची वर्दी पुढें पोंचवितां येते. एक मीटर नळी ओलांडण्यास ध्वनीला एका सेकंदाचा सुमारें साडेतीनशेंवा भाग लागतो, आणि तेवढ्या अवधींत प्रतिकाराची तयारी करावयाची असते.

ल्यूगनें नळीच कां निवडली, हेंही ध्यानांत घेण्याजोगें आहे. मोकळ्या खोलींत ध्वनि चहूंकडे पसरतो, भिंतींवर आपटतो, आणि एका जागीं त्याला पुसावें तर दुसऱ्या जागीं तो दुणावतो. अरुंद नळींत मात्र खालचे स्वर एखाद्या दट्ट्याप्रमाणें सरळ पुढें सरकतात. नळीच्या एका छेदांत सर्वत्र हवेचा दाब सारखाच असतो. तेथें एक मायक्रोफोन आणि एक लाउडस्पीकर पुरतो. पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या वाटोळ्या नळींत ही सोय सेकंदास सुमारें तेराशें कंपनांपर्यंत टिकते. घरांतल्या नळ्या साधारण याच मापाच्या असतात. तेव्हां निसर्गानें जणूं घरच्या नळीलाच या विद्येसाठीं अनुकूल केलें होतें.

असें असूनही पुढें वीस वर्षें या पेटंटांतून कांहीं निष्पन्न झालें नाहीं. १९५३ सालीं अमेरिकेंत आर. सी. ए. कंपनीच्या प्रयोगशाळेंतील हॅरी ऑल्सन आणि एव्हरेट मे यांनीं ‘विद्युत् ध्वनिशोषक’ म्हणून एक उपकरण वर्णिलें. मायक्रोफोन आणि लाउडस्पीकर अगदीं जवळ ठेवून, खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोक्याभोंवतीं शांततेची लहानशी जागा निर्माण करावी, असा त्यांचा बेत होता. १९५६ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या विल्यम कॉनोव्हर यानें विजेच्या मोठ्या ट्रान्स्फॉर्मरचा घूंघूंकार घेतला. अमेरिकेंत विजेचा प्रवाह सेकंदास साठ आंदोलनांचा असल्यानें ट्रान्स्फॉर्मर एकशेंवीस कंपनांच्या स्वरांत आणि त्याच्या पटींत गुणगुणतो. आपल्याकडे प्रवाह पन्नास आंदोलनांचा, म्हणून आपला ट्रान्स्फॉर्मर शंभरांच्या पटींत गुणगुणतो. कॉनोव्हरनें ट्रान्स्फॉर्मरजवळ लाउडस्पीकर ठेवून उलट स्वर सोडला आणि बटणें हातानें फिरवून तो जुळविला. आवाज कमी झाला, परंतु तो एका अरुंद दिशेनें. आणि वारा व उष्णमान बदललें कीं बटणें पुन्हां फिरवावीं लागत. रात्रंदिवस बटणें फिरविण्यासाठीं माणूस कोण ठेवणार?

अडचण कोठें होती हें थोड्या हिशेबानें कळेल. आवाज वीस डेसिबलांनीं उतरावयाचा, तर उलट लाटेची उंची मूळ लाटेशीं शंभरांत दहा भागांच्या आंत जुळली पाहिजे, आणि तिची वेळ एका आंदोलनाच्या साठाव्या भागाच्या आंत. वेळ सहाव्या भागानें चुकली तर कांहींच लाभ होत नाहीं, आणि त्याहून अधिक चुकली तर मूळ आवाज उलट वाढतो. म्हणजे कांटा काढावयास गेलों आणि दुसरा मोडून बसलों अशी गत होते. शंभर कंपनांच्या स्वरास साठावा भाग म्हणजे सेकंदाचा सहा हजारावा भाग. तीन मीटर लांबीच्या नळींतली हवा वीस अंशांवरून तीस अंशांपर्यंत तापली, तरी ध्वनीची गति वाढून जवळजवळ एवढाच फरक पडतो. यावरून असें दिसतें कीं, एकदां जुळवून ठेवलेलें यंत्र दुसऱ्या प्रहरीं बिघडल्यासारखेंच होतें. ल्यूगची कल्पना खरी होती. पण तिला सतत ऐकणारा आणि सतत सुधारणारा एक न थकणारा सेवक हवा होता.

तो सेवक निराळ्याच वाटेनें आला. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत प्राध्यापक बर्नार्ड विड्रो आणि त्यांचे विद्यार्थी टेड हॉफ हे अनुभवावरून शिकणारीं यंत्रें करण्याच्या विचारांत होते. १९५९ सालीं त्यांस एक अत्यंत सोपा नियम सुचला, आणि १९६० सालीं तो प्रसिद्ध झाला. खुंटी पिळावी, ऐकावें, चूक वाढली तर उलट पिळावी, घटली तर तशीच पुढें न्यावी. हें तानपुरा जुळविणारा जें करतो तेंच या नियमांत गणितानें मांडलें आहे. प्रत्येक क्षणीं उरलेली चूक मोजावयाची आणि तिच्या प्रमाणांत प्रत्येक गुणक किंचित् सरकवावयाचा. असें सहस्रावधि वेळां केलें कीं चूक आपोआप किमान होते. हॉफ पुढें इंटेल कंपनींत गेले, आणि १९७१ सालच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या जनकांत त्यांची गणना होते. विड्रो आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७५ सालीं या नियमाचे जे उपयोग दाखविले, त्यांत आईच्या हृदयाचे ठोके वजा करून गर्भांतील बालकाच्या हृदयाचे ठोके वेगळे काढणें हाही एक होता. पंख्याच्या आवाजासाठीं तो नियम कोणीं शोधला नव्हता. परंतु विद्येच्या क्षेत्रांत एका घरचें धन दुसऱ्या घरीं असेंच उपयोगी पडतें.

नळीकडे लक्ष देणारे लोक याच सुमारास वाढले. लाउडस्पीकरचा आवाज नळींत दोन्ही दिशांस जातो. मागें जाणारा मायक्रोफोनला पोंचला कीं सभागृहांत कर्णा किंचाळतो तसा प्रकार होतो. १९७३ सालीं इंग्लंडांत स्विनबँक्स यानें एकाहून अधिक लाउडस्पीकर मागेंपुढें ठेवून आवाज एकाच दिशेस कसा सोडावा याचें गणित दिलें. एसेक्स विद्यापीठांत चॅप्लिन यानें निराळा मार्ग धरला. ज्या यंत्राचा आवाज त्याच्या फेऱ्यांशीं बांधलेला असतो, त्याचा आवाज ऐकण्याची गरजच काय? फेरा केव्हां पुरा झाला एवढी खूण मिळाली, म्हणजे तिच्या तालावर उलट लाट रचतां येते. १९८१ सालीं बर्जेस यानें विड्रो-हॉफ यांचा नियम नळींतील ध्वनीस लावून तो कसा वागेल याचें गणकयंत्रावर अनुकरण केलें. तेवढ्यांत ध्वनीचें गणित एकाच तुकड्यावर करणाऱ्या चिपा बाजारांत आल्या, आणि अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत नेल्सन इंडस्ट्रीज या कंपनींतील एरिक्सन व त्याचे सहकारी यांनीं १९८०-९० च्या दशकांत मोठ्या इमारतींच्या व कारखान्यांच्या नळ्यांसाठीं प्रत्यक्ष विकावयाचीं यंत्रें सिद्ध केलीं. ल्यूगच्या अर्जाला त्या वेळीं अर्धशतक उलटून गेलें होतें.

परंतु हीं यंत्रें मोठ्या नळीचीं आणि मोठ्या किंमतीचीं होतीं. सामान्य माणसाच्या हातीं ही विद्या आली ती कानाच्या वाटेनें. मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रविद्यालयाचे प्राध्यापक अमर बोस यांस १९७८ सालीं झुरिकहून परत येतांना विमानांत ही कल्पना सुचली, आणि १९८९ सालीं त्यांच्या कंपनीनें वैमानिकांसाठीं असें शिरोभूषण विक्रीस आणलें. त्यांचे वडील बंगालमधील स्वातंत्र्यकार्यकर्ते असून तेथून अमेरिकेंत गेले होते, हें आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक असेल. कानावरच्या वाटींत मायक्रोफोन, लाउडस्पीकर आणि कान हे सर्व एकमेकांपासून दोन-चार सेंटिमीटरांवर असतात. हवेचा झोत नाहीं, ओल नाहीं, लाउडस्पीकर लहानसा पुरतो. शिवाय ऐकणारा एकच. अशीं साधनें आज आपल्या बाजारांत दोन-तीन हजार रुपयांतही मिळतात.

मग घरच्या नळीस कोणती अडचण आहे? भागांच्या किंमतीची आतां फारशी नाहीं. मायक्रोफोन, लाउडस्पीकर आणि गणित करणारी चिप हीं तिन्ही आज अल्प खर्चांत मिळतात, आणि हौशी माणूस तीं घरीं जोडूंही शकतो. अडचणी निराळ्याच आहेत. पहिली हवेच्या झोताची. झोतांत ठेवलेला मायक्रोफोन पंख्याच्या ध्वनीबरोबर स्वतःवर आपटणाऱ्या वाऱ्याचीही खरखर ऐकतो. ती पुढें लाउडस्पीकरापाशीं पोंचत नाहीं, म्हणून तिला उलटवून उपयोग नाहीं. ऐकलेल्या शक्तींत अशी असंबद्ध खरखर शंभरांत दहा भाग असली, तर निवारण दहा डेसिबलांपलीकडे जात नाहीं. वीस हवे असतील तर ती एका भागावर आणावी लागते. दुसरी अडचण वेळेची. संगीतासाठीं केलेलीं ध्वनियंत्रें संदेश सुमारें एक सहस्रांश सेकंद रोखून धरतात. गाणें ऐकणारास तें कळतही नाहीं. पण तेवढ्यांत नळींतला ध्वनि चौतीस सेंटिमीटर पुढें निघून जातो, आणि घरांतील नळी मुळींच किती लांब असावयाची! तिसरी अडचण लाउडस्पीकरची. नळींत तोच जोर ठेवून कंपसंख्या निम्मी झाली, कीं त्याच्या पडद्यास दुप्पट हलावें लागतें. म्हणून खालच्या स्वरांस चिमुकला लाउडस्पीकर पुरत नाहीं. चौथी, आणि आमच्या मतें सर्वांत मोठी, अडचण देखभालीची. नळींत धूळ बसते, ओल धरते, स्वयंपाकघराच्या नळींत तेलाचा चिकटा साठतो. कानावरचें उपकरण मालक रोज हातांत घेतो, पुसतो, बिघडलें तर त्याला तत्काळ कळतें. छतावरच्या नळींत काय चाललें आहे हें वर्षानुवर्षें कोणी पाहत नाहीं. आणि या विद्येचा एक अवगुण असा, कीं बिघडलेलें अस्तर फार तर निरुपयोगी होतें, पण बिघडलेला उलट आवाज नवा उपद्रव सुरू करतो.

यावरून स्वस्तपणाची आमची कल्पना थोडी तपासून घेतली पाहिजे. वस्तु स्वस्त कीं महाग हें आपण दुकानांतल्या किंमतीवरून ठरवितों. परंतु घराच्या हिशेबांत तिच्याकडे किती वेळां पाहावें लागेल हेंही जमेस धरावें लागतें. त्या दृष्टीनें नळींतला आवाज कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय पंख्यापासूनच सुरू होतो. एकाच पंख्याचे फेरे निम्मे केले, तर त्याचा आवाज सुमारें पंधरा डेसिबलांनीं उतरतो; म्हणून नळी रुंद ठेवून मोठा पंखा सावकाश फिरविणें हें शहाणपणाचें. त्यानंतर नळीच्या वळणांत व शेवटच्या मीटरभर भागांत शोषक अस्तर द्यावें. एवढें करून जो खालचा घूंघूंकार उरतो, त्याच्यासाठींच उलट आवाजाची योजना करावी. आणि तेथेंही चॅप्लिनचा मार्ग घरास अधिक मानवणारा आहे असें आम्हांस वाटतें. आजच्या पुष्कळ लहान पंख्यांतून फेऱ्यांची खूण देणारी एक तार मुळांतच बाहेर काढलेली असते. ती खूण घेतली, तर झोतांतल्या मायक्रोफोनची गरज उरत नाहीं. खरखर ऐकण्याचा आणि कर्णा किंचाळण्याचा प्रश्नही मिटतो. आणि पात्यांचा स्वर एका फेऱ्यांतून दुसऱ्या फेऱ्यांत फारसा बदलत नसल्यानें घाईही राहत नाहीं. परिणाम तपासण्यासाठीं नळीच्या तोंडाशीं एक मायक्रोफोन आणि आवाज वाढतो आहे असें दिसतांच यंत्रानें आपण होऊन गप्प बसावें असा बंदोबस्त, एवढें पुरे. वाऱ्याची सळसळ यानें जाणार नाहीं. पण झोप मोडणारा एकसुरी स्वर जाईल.

या इतिहासांतून आम्हांस एक गोष्ट प्रकर्षानें जाणवते. ज्या विद्येनें कान जिंकला तिनें एकट्या माणसाला शांतता दिली. ती विकणें सोपें आहे, कारण पैसे देणारा आणि सुख घेणारा एकच असतो. नळींतला आवाज शमला तर शांतता साऱ्या घराला मिळते: आजाऱ्याला, अभ्यास करणाऱ्या मुलीला, पाळण्यांतल्या बाळाला, ज्यांच्या कानांवर कोणतेंही उपकरण चढवितां येत नाहीं त्यांना. ती कोणा एकाच्या नांवावर विकतां येत नाहीं, म्हणून तिच्यामागें कारखानदार धांवत नाहींत. पदार्थविज्ञानानें कानाचा मार्ग सुलभ केला होता हें खरें. परंतु बाजारानेंही त्याच मार्गावर दिवे लावले, आणि नळीचा मार्ग अंधारांत राहिला, हेंही तितकेंच खरें. याचा परिणाम असा दिसतो, कीं ज्याला परवडतें तो आपले कान झांकून घेतो, आणि गोंगाट मात्र घरांत, कचेरींत, रस्त्यावर जागच्या जागीं राहतो. आपला त्रास टळला कीं मूळ उपद्रवाबद्दल तक्रार करण्याची इच्छाही मंदावते.

म्हणून घरच्या नळीचा हा लहानसा प्रश्न आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. ल्यूगची आकृति पुरी होण्यास तानपुऱ्याचा कान असलेला एक नियम, दोन पिढ्यांचे परिश्रम आणि मातीमोल झालेल्या चिपा एवढें सर्व लागलें, आणि आतां तें सर्व हाताशीं आहे. उरलें आहे तें काम शोधकाचें कमी आणि कारागिराचें अधिक आहे: नळींत बसणारें, धूळ-ओल सोसणारें, बिघडल्यास निमूट बंद पडणारें एक साधें उपकरण करणें. आमच्या तंत्रविद्यालयांतील विद्यार्थी दरवर्षीं कांहीं ना कांहीं प्रयोग करून दाखवितातच. त्यांपैकीं कोणी एखाद्या सदनिकेच्या न्हाणीघरांतील पंखा घेऊन हें काम हातीं घेतलें, तर पंखा बंद न करतां झोपणारें एक घर तरी त्याला दुवा देईल.